एका पीआरपीने हॅमस्ट्रिंग जुळत नाही

डिचोली-पेडण्याच्या फुटबॉल ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'स्नायू फाटला? लिगामेंट तुटलं? स्वतःच्याच रक्ताचं पीआरपी इंजेक्शन घ्या. एका डोसात नवीन ऊती, व्यायाम नको, साइड इफेक्ट शून्य. मोठे खेळाडू हेच घेतात.' पोरं आता उसने पैसे मागायला लागलीत, म्हणून हे लिहितोय.

पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, प्लेटलेट्स दाट असलेला रक्ताचा भाग. रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की तांबड्या पेशी तळाला बसतात. वरच्या पिवळसर प्लाझ्मातला प्लेटलेट्सचा दाट भाग काढून दुखऱ्या जागी टोचतात. प्लेटलेट्समधून ऊतींच्या वाढीला चालना देणारी प्रथिनं सुटतात, हे खरं. पण खेळाडू त्याने लवकर मैदानात येतो का? नेदरलँड्समध्ये हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, दुखावलेल्या 80 खेळाडूंपैकी काहींना पीआरपी दिलं, बाकीच्यांना नुसतं सलाइन, आणि कुणाला काय दिलं ते खेळाडूंना कळू दिलं नाही. 2014 साली निकाल आला: दोन्ही गट साधारण 42 दिवसांनीच परतले. टाचेच्या अकिलीस टेंडनवर (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरी) ब्रिटनमध्ये 240 जणांची चाचणी झाली. तिथेही 2021 साली खोट्या सुईपेक्षा पीआरपी सरस ठरलं नाही.

'व्यायाम नको' हे वाक्य तर सरळ नुकसान करणारं आहे. टेंडन सावरतो तो भाराने. भार बेताबेताने वाढवला की त्याची ताण सोसायची ताकद वाढते. अकिलीसचं दुखणं जुनं असेल तर पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहा, चांगल्या पायाने वर चढा, दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडा. 15 चे 3 सेट गुडघा सरळ ठेवून, तेवढेच किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. याला एक पैसा लागत नाही. सुई घेऊन घरी बसलेल्या पोराचा पाय मात्र कमजोरच राहतो.

पूर्ण तुटलेलं एसीएल (गुडघ्याच्या आतलं, हाडांना जोडणारं लिगामेंट) पीआरपीने जुळतं याला पुरावा नाही. गुडघा लटपटत असेल तर बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) ऑर्थोपेडिकवाल्यांना दाखवा.

रक्त आपलंच असल्याने ॲलर्जीची भीती कमी, पण टोचल्यावर काही दिवस ठणका लागतो आणि क्वचित जंतुसंसर्गही होतो. म्हणजे 'शून्य' नाही.

मोठे खेळाडू पीआरपी घेतात, खरंय. त्यांच्यामागे रोज फिजिओही असतो, तो मेसेजमध्ये दिसत नाही.

आणि कुणी 'त्यापेक्षा स्टेम सेल घ्या' म्हणालं तर आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा. रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत.