तुतारीवाल्यांचा आहे काय?

आमच्या बेळगावच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका सिनेमावरून आठवडाभर एकच भांडण चालू आहे. एकानं लिहिलं, 'होंबाळेचा आहे, डोळे झाकून तिकीट काढा.' झालं. दुसरा म्हणाला, कंपनीचं बॅनर बघून थेटरात शिरणारी माणसं म्हणजे मेंढरं. तिसऱ्याचं दुखणं वेगळंच: होंबाळे पडली बेंगळुरूची सिनेमा कंपनी, तिला बेळगावच्या मराठी माणसानं पैसे का द्यायचे? त्याचं दुखणं खोटं नाही. मराठी सिनेमाला शो द्यायचं महाराष्ट्रातलं बंधन सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून बेळगावाकडं चालत नाही. पण होंबाळेचाच केजीएफ या तिघांनीही थेटरातच पाहिलाय, आणि शिट्ट्याही मारल्यात.

मला झोंबला तो 'मेंढरं' हा शब्द. मी राहतो जपानात. जुलै २०२३ मध्ये इथं दिग्दर्शक मियाझाकींचा सिनेमा आला, तेव्हा त्यांच्या जिब्ली स्टुडिओनं ना ट्रेलर काढला ना जाहिरात दिली. गोष्ट कशाची, हेही सांगितलं नाही. एकच पोस्टर, त्यावर बगळ्यासारखा पक्षी. पहिल्याच शनिवारी मी गेलो तर एक खुर्ची रिकामी नाही. माझ्या शेजारी सत्तरीच्या दोन बायका, मांडीवर घडी घातलेले हातरुमाल. त्यांना काय मेंढरं म्हणायचं?

हे मी ग्रुपवर लिहिलं. वर जरा तिखटही लावलं, की इथं नागोयात कोणी सिनेमाची जात आणि भाषा विचारत बसत नाही. पाच मिनिटांत उत्तर आलं: 'तिथं सगळे जपानीच, कोण कुणाला विचारणार? तू तिकडं बसून आमाला शिकवूलालास काय?'

यावर मला काही सुचलं नाही, म्हणून आजोबांना पुढं केलं. बेळगावच्या शहापुरात माग चालवणारे माझे आजोबा सिनेमाचं नाव कधी विचारायचेच नाहीत. 'तुतारीवाल्यांचा आहे काय?' एवढंच. म्हणजे प्रभातचा. १९२९ मध्ये कोल्हापुरात निघालेली कंपनी, पडद्यावर तुतारी फुंकणारी बाई दिसली की पैसे वसूल. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली तरी आजोबांचा विश्वास हलला नाही. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. पुणेही त्याच इलाख्यात. आपली कंपनी कुठली आणि त्यांची कुठली, हा हिशेब १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव कानडी राज्यात गेलं त्यानंतरचा.

त्या तारखेनं इथंही माझी पाठ सोडली नाही. जिब्ली पार्क उघडला तो १ नोव्हेंबर २०२२ ला, माझ्या घरापासून लिनिमो रेल्वेनं वीस मिनिटांवर. फोनवर एकीकडं रांगेत उभ्या लहान मुलांचे फोटो, दुसरीकडं गावाकडचे, कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि मराठी माणसांच्या दंडाला निषेधाच्या काळ्या फिती. मी दोन्ही बघत ऑफिसात बसलो होतो.

आता खरं सांगतो. प्रभातचं उदाहरण देताना मी अर्धंच दिलं. १९४२ मध्ये शांतारामबापू बाहेर पडले, राजकमल काढली, आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत प्रभात आटोपली. तुतारी तीच होती, फुंकणारे गेले होते. जिब्लीही ऑक्टोबर २०२३ पासून निप्पॉन टीव्हीच्या ताब्यात आहे. आणि २०२० मध्ये मियाझाकींच्या मुलानं केलेला, पूर्णपणे संगणकावरचा जिब्लीचा सिनेमा मी अर्ध्या तासात बंद केला होता. ग्रुपवर हे लिहिलं नाही. लिहिणारही नाही.

शिवाय मी स्वतः बेळगावात असताना बॅनर कधी बघितलं? सायकल स्टँडवर एक मामा असायचे. आधीचा शो सुटताना बाहेर पडणाऱ्यांची तोंडं बघून ते सांगायचे, 'जाऊ नको, लोकं गप गप येऊलालेत.' किंवा, 'जा की, पण शेवटी रडायला लागतंय.' मराठी असो, हिंदी असो, राजकुमारचा कन्नड असो, त्यांचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. ते घरी कन्नड बोलायचे, आमच्याशी मराठी. यात काही विशेष आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं.

इथं सायकल स्टँडवर यंत्र आहे.

त्या शनिवारी सिनेमा संपला, नावं वर सरकत राहिली आणि रिवाजाप्रमाणे शेवटचं नाव जाईपर्यंत कोणी उठलं नाही. नऊ वर्षं या देशात काढून मला संवाद निम्मेच कळले होते. दिवे लागले. शेजारच्या बायकांनी रुमाल पर्समध्ये ठेवले. त्यांना विचारावंसं वाटलं, की तो म्हातारा शेवटी नक्की काय म्हणाला? विचारलं नाही. माना लववून आम्ही एकमेकांना वाट दिली.

बाहेर येऊन ग्रुपवर पोस्टरचा फोटो टाकला. मेंढरंवाल्यानंच विचारलं होतं, 'कसा आहे रे?'

मी लिहिलं, 'जिब्लीचा आहे. डोळे झाकून बघ.'