बसतंय का?

तीन मेलेल्या सायकलींतून एक जिवंत सायकल करायची, एवढंच ठरलं होतं. ऑफिसला जायला-यायला. शर्यतीची नव्हे, डोंगर चढायची नव्हे, कुणी वळून बघावं अशीही नव्हे. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी, दिवा आणि पँटचा पाय चेनमध्ये जाऊ नये म्हणून चेनकव्हर. एकीची फ्रेम, दुसरीची चाकं, तिसरीचं बाकीचं सगळं. कागदावर हा हिशेब इतका सुटसुटीत दिसत होता की मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "दोन रविवार."

"आणि उरलेल्या दोन सायकली?" तिने विचारलं.

याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. तीन वजा एक बरोबर दोन हे गणित सायकलींना लागू नाही. तीन सायकली खोलल्या की त्यातून अर्धी सायकल आणि पाच सायकलींचं सामान निघतं.

पहिली सायकल जुन्या पोलादाची. फ्रेम धडधाकट, चाकं गंजलेली, मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गोलाच्या पोटात तीन गिअर. दुसरी जाड टायरची. फ्रेमला जोडापाशी चीर, पण अल्युमिनियमच्या रिम आणि टायर नव्यासारखे. तिसरीचं काय झालं असावं याचा विचार न केलेला बरा. तिचं कॅरिअर, मडगार्ड आणि डायनॅमो तेवढे वाचले होते. नवीन एकही वस्तू आणायची नाही, अशी मी शपथ घेतली. मोठ्याने घेतली, हे चुकलं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. आयुष्यभर फिटर होते, आता निवृत्त आहेत. निवृत्त फिटरला दुसऱ्याच्या चुकीच्या कामाचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू येतो. मी हातोड्याचा पहिला घाव घातला आणि दुसरा घालण्याआधी काका दारात उभे होते. हाताची घडी घालून त्यांनी विचारलं, "बसतंय का?"

"जवळजवळ," मी म्हणालो.

"जवळजवळ म्हणजे नाही."

पुढचे पाच महिने आमच्यात मुख्यतः एवढाच संवाद झाला.

सुरुवात सीटच्या दांडीपासून झाली, कारण सीट उंच करायची होती. दांडी अल्युमिनियमची, फ्रेम पोलादाची. दोन वेगळे धातू, मध्ये ओल, आणि वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही. अशा वेळी अल्युमिनियम झिजून त्याचा पांढरा भुगा होतो, तो फुगतो आणि दांडी नळीत रुतून बसते. तेल सोडलं, रात्रभर ठेवलं, पुन्हा सोडलं. मी सीट धरून पिळायला लागलो की दांडीऐवजी मीच फिरत होतो. शेवटी काकांनी दांडीचं डोकं त्यांच्या शेगड्यात, म्हणजे वस्तू घट्ट पकडायच्या 'व्हाइस'मध्ये आवळलं, फ्रेम आडवी धरली आणि म्हणाले, "आता फ्रेमलाच पाना समज." आम्ही दोघं घाण्याच्या बैलांसारखे त्या व्हाइसभोवती फिरायला लागलो. तिसऱ्या फेरीला दांडी अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी "काय झालं हो?" म्हणून वर आलं.

दांडी निघाली, पण ओरखड्यांनी भरलेली. काही हरकत नाही, दुसऱ्या सायकलीची चकचकीत दांडी होतीच. ती २७.२ मिलिमीटर. फ्रेमला हवी २६.८. सीटच्या दांड्या ०.२ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी बदलतात, हे मला तेव्हा कळलं. ०.४ मिलिमीटर म्हणजे वहीच्या चार पानांएवढं. तेवढ्यासाठी ती जात नव्हती. मी एक टोक लावून जरा दाबून बघितलं.

"बसतंय का?" जिन्यातून आवाज आला.

जुनीच दांडी घासून, भरपूर ग्रीस लावून परत घातली.

मग खालचा भाग, जिथे पॅडलचा आस फिरतो तो. तिथे दोन्ही बाजूंना आट्यांच्या कटोऱ्या असतात. डावी सहज निघाली. उजव्या कटोरीवर मी दोन संध्याकाळी घालवल्या. मोठा पाना, पान्यावर नळी, नळीवर मी. ती सोडवतोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी ती आवळत होतो, कारण बहुतेक जुन्या सायकलींत उजव्या कटोरीचे आटे उलटे असतात. त्यामागे खोडसाळपणा नाही. मुठीत पेन्सिल सैल धरून तिचं टोक गोल फिरवलं, तर पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेने सरकते. फिरणाऱ्या आसाने कटोरीही तशीच हळूहळू सुटू बघते. उलटे आटे असले की सुटण्याऐवजी आवळली जाते. डाव्या पॅडलचंही तेच.

"उजवी कटोरी उलटी, डावं पॅडल उलटं," काका म्हणाले. "सरळ काय ते तूच."

कटोरी निघाली ती एकदम, आणि आतले छर्रे घरभर झाले. आमची फरशी सपाट आहे असा माझा समज होता. छर्ऱ्यांनी तो दूर केला. सगळे एकमताने कपाटाखाली गेले. पाव इंची छर्रे, एका बाजूला अकरा, दोन बाजूंचे मिळून बावीस. मुलीने पट्टी घेऊन, पालथं पडून, एकेक बाहेर काढला. वाटीत ठेवले, मोजले. तेवीस.

पुन्हा मोजले. तेवीस. बावीस लागणाऱ्या ठिकाणाहून तेवीस निघाले, म्हणजे एकतर आधीच्या कुणीतरी एक जास्त कोंबला होता, किंवा आमच्या कपाटाखाली आधीपासून एक छर्रा राहत होता. "बाबा, आधीही तुम्ही कधी सायकल खोलली होती का?" मुलीने विचारलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी ग्रीसचा डबा शोधायला गेलो.

बावीस छर्रे ग्रीसमध्ये रोवून आस बसवला. पॅडलचे दांडे जुन्या पद्धतीचे, कॉटर पिन, म्हणजे लोखंडी पाचर, ठोकून बसवायचे. पिनही दोन मापांच्या निघाल्या, साडेनऊ आणि नऊ मिलिमीटर, पण तोवर मी शहाणा झालो होतो, आधी मोजल्या. न मोजलेली गोष्ट दुसरीच होती. दोन पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या असतात. मी दोन्ही एकाच बाजूने ठोकल्या. त्यामुळे दोन पॅडल एका रेषेत राहिली नाहीत, थोडी वाकड्या कोनात आली. हाताने फिरवताना काही कळलं नाही. बसून चालवली, तेव्हा सायकल लंगडायला लागली. मला वाटलं पाय आखडला. चार दिवस मी गुडघ्याला मलम लावत होतो.

पण खरा छळ चाकांनी केला.

दुसऱ्या सायकलीचे टायर '२६'चे. पहिल्या सायकलीच्या रिम '२६'च्या. जगात काही गोष्टींवर विश्वास ठेवावा लागतो, त्यातली ही एक असं मी धरून चाललो होतो. टायर रिमवर चढवायला घेतला. एका बाजूने बसवला की दुसरी बाजू हातभर वर. अंगठे सोलले. टायर काढायचे दांडे उलटे वापरले. एक मोडला. मग काकांनी टायरच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरांत दुसरा आकडा होता: ५५९. माझ्या रिमचा आकडा ५९०. टायर रिमवर जिथे टेकतो तिथला हा व्यास, त्यात ३१ मिलिमीटरचा फरक, आणि दोघंही स्वतःला २६ इंची म्हणवतात. ५५९ मिलिमीटर म्हणजे धड बावीस इंच, ५९० म्हणजे जेमतेम सव्वातेवीस. २६ हा आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, तोही कधीकाळचा आणि ढोबळ. स्वतःला २६ म्हणवणारे असे निदान पाच भाऊ आहेत: ५५९, ५७१, ५८४, ५९०, ५९७. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर रीतसर बसत नाही.

याहून मोठा धक्का पुढे होता. '२६ गुणिले १.७५' आणि '२६ गुणिले पावणेदोन' हे दोन वेगळे टायर आहेत. पहिला ५५९ रिमचा, दुसरा ५७१चा. दशांशात लिहिलं तर एक माप, अपूर्णांकात लिहिलं तर दुसरं. पावणेदोन म्हणजे १.७५ हे शाळेत छड्या खाऊन शिकलो होतो. त्या छड्या परत मिळाल्या पाहिजेत.

"मग टायरबरोबर त्याची रिमच घे," काका म्हणाले. "तुझा हब त्या रिममध्ये विण."

हे मला पटलं. अल्युमिनियमची रिम, तीन गिअरचा हब, मधोमध माझं कर्तृत्व. हब होताही नामी. स्टर्मी-आर्चर कंपनीचा ए डब्ल्यू, आणि पाठीवर कोरलेलं ५८ आणि ३. म्हणजे मार्च १९५८. माझ्याहून वयाने मोठा निघाल्यावर मी त्याला अरे-तुरे करणं सोडलं. हबरावांची भोकं मोजली. चाळीस. रिमची भोकं, छत्तीस. जुनी ब्रिटिश पद्धत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० आरे अशी होती, छत्तीस नंतरचे. छत्तीस गुण जुळतील म्हणून गेलो आणि छत्तीसचा आकडा घेऊन परतलो.

तेव्हा जुनी गंजकी रिमच घासून काढली आणि तिला मापाचा टायर नवा आणला. मागोमाग ट्यूब नवी, रिमपट्टी नवी, आरे नवे, केबल नवी. प्रत्येक वेळी बायको नुसतं "शपथ?" एवढं म्हणायची.

चाकाची आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणं हे काम ज्याने केलं नाही त्याने स्वतःला सहनशील म्हणवू नये. सायकल उलटी ठेवायची, फ्रेमला काडी बांधायची, चाक फिरवायचं आणि रिम काडीला कुठे घासते ते बघायचं. घासते तिथे त्या बाजूचा आरा पाव फेरी सैल, समोरचा पाव फेरी घट्ट. निप्पल, म्हणजे आऱ्याच्या टोकाचा बारका नट, टायरच्या बाजूने बघितलं तर उजवीकडे फिरवून आवळतं, आसाच्या बाजूने बघितलं तर डावीकडे. मी दोन्ही बाजूंनी बघत होतो. पहिल्या रात्री डावी-उजवीकडची आउट गेली आणि चाक अंड्यासारखं झालं. दुसऱ्या रात्री गोल झालं आणि पुन्हा नागमोडी. चौथ्या रात्री काका स्टूल घेऊन आले, डोळे मिटून आरे तारेसारखे छेडले, आवाजावरून तीन सैल आरे सांगितले आणि झोपायला गेले.

हबरावांचा स्वभाव शांत. पहिला गिअर सरळ गतीपेक्षा पाव भागाने हलका, दुसरा सरळ, तिसरा एक तृतीयांशाने जड, बस. थेंबभर तेलावर दिवस काढतात. मात्र केबल नीट ताणलेली नसेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एक जागा आहे जिथे पॅडल नुसतं मोकळं फिरतं. केबल मी लावली होती. चढावर मी उभा राहून जोर लावला आणि पॅडल एकदम हवेत फिरलं. फ्रेमची वरची नळी आणि मी, आमच्यातलं अंतर संपलं. त्यानंतर मी केबल कशी लावतात ते शिकलो: दुसऱ्या गिअरमध्ये टाकायचं, उजव्या नटाच्या खिडकीतून बघायचं, आतली काडी आसाच्या टोकाशी बरोबर आली पाहिजे. बरोबर म्हणजे बरोबर. जवळजवळ नाही.

डायनॅमोचं थोडक्यात सांगतो. सहा व्होल्ट, तीन वॅट. त्यातले २.४ पुढच्या दिव्याला, ०.६ मागच्या. सायकल थांबली की दोन्ही दिवे विझतात, म्हणजे सिग्नलला जिथे दिसणं सर्वांत गरजेचं तिथे आपण अदृश्य. आणि पुढचा बल्ब गेला की सगळी वीज मागच्यावर येते आणि तोही त्याच्या मागोमाग जातो. मी मुकाट्याने सेलवरचा एक दिवा जोडून टाकला. "शपथ?" असं विचारलं गेलं. ब्रेकचं म्हणाल तर पोलादी रिम ओली झाली की ब्रेक ही आज्ञा राहत नाही, विनंती होते. पावसात मी पुढच्या चौकाचा ब्रेक मागच्या चौकात लावतो.

रंग द्यायचा होता. काका म्हणाले, "देऊ नकोस. चोर रंग बघतात." मग फ्रेम काळपट हिरवी, पुढचं मडगार्ड निळं, मागचं एकेकाळी पांढरं, चेनकव्हर पत्रा वाकवून केलेलं. दुरून पाहिलं तर वाटावं, तीन सायकलींचा अपघात झालाय. त्यात खोटं काहीच नव्हतं.

दोन रविवारांऐवजी बावीस लागले. पण सायकल चालते. रोज ऑफिसला नेते, आणते. कॅरिअरवर डबा, बॅग, एकदा तर खुर्ची आली. कुठूनतरी टिक-टिक असा आवाज येतो. काका म्हणतात छर्रा असेल. मी म्हणतो ते सगळे मोजून घातलेत, वाटीत एक उरलाय तो साक्षीला आहे.

मागच्या महिन्यात ऑफिसमधून घाईत आलो आणि कुलूप लावायचं विसरलो. रात्रभर सायकल खाली, उघड्यावर, कुलपाशिवाय. सकाळी आठवलं तशी मी अनवाणी जिना उतरलो. सायकल होती. जागच्या जागी, स्टँडवर. आधी हायसं वाटलं, मग जरा अपमानही वाटला. पाच महिन्यांची मेहनत, आणि फुकट न्यायलाही कुणी तयार नाही?

मग जवळ जाऊन बघितलं. हँडलवरची घंटी नव्हती. बाकी कशालाही हात लावलेला नव्हता. चोराने स्क्रू नीट सोडवला होता, ओरखडा नाही, आणि स्क्रूखालचा वॉशर परत जागेवर ठेवला होता. काम येणारा माणूस दिसत होता.

काका वरून वाकून बघत होते. "काय गेलं?"

"घंटी."

"नुसती घंटी?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्याला बसली असेल."

मी मान वर करून होकार दिला. आणि खरं सांगतो, मला राग आला नाही, हेवा वाटला. पहिल्याच फटक्यात बसली असेल.