पोरीचा तोडा, बापाचा शड्डू

शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ साली खासबाग मैदान बांधलं आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, उभं केलं. अलीकडं लाल मातीतली कुस्ती, पलीकडं संगीत नाटक, मध्ये भिंत. महाराज द्रष्टे होते, पण ती भिंत पालकांपुढं टिकणार नाही, हे काही त्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. तुमच्या पाच-सहा वर्षांच्या लेकराचा नाच-गाण्याचा पहिला कार्यक्रम तोंडावर आला असेल, तर ती भिंत पाडायला लागा. गेल्याच महिन्यात आमच्या घरात हे कार्य पार पडलंय, त्यामुळं मी अधिकारवाणीनं बोलणार.

सुरुवात घराण्यापासून करावी. पोरगी क्लासला जायला लागून चार महिने झालेत, भूप रागातले पाच स्वर तिला येतात आणि त्यातला गंधार कधीमधी लागतोही. पण पाहुण्यांना सांगताना थेट जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांना हात घालायचा. खाँसाहेब १८९५ मध्ये कोल्हापूर दरबारी आले, त्यांची गायकी इथं बहरली आणि आपण राहायला मंगळवार पेठेत. आणखी काय पुरावा पाहिजे? विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म कुरुंदवाडचा, आणि आमच्या हिचं माहेरही कुरुंदवाड, म्हणजे तेही नात्यातच धरायचे. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गाणं कुणालाही शिकता यावं म्हणून, एवढं मात्र सांगत बसू नये. 'कुणालाही'मध्ये समोरच्या फ्लॅटमधलं पोरगंही येतं.

मग येतो रांगेचा प्रश्न. बाई म्हणतात, उंचीप्रमाणं उभं केलंय. विश्वास ठेवू नका. पुढच्या रांगेतल्या पोरीचे वडील कोण, त्यांनी क्लासला सतरंजी दिली की पंखा, याचा शोध घ्या आणि आठ दिवस रोज रात्री नऊनंतर बाईंना फोन करा. मी केला. आमची पोरगी दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी होती, ती तिथंच राहिली; पण बाईंनी नंतर माझा नंबर कुठल्या नावानं सेव्ह केला, ते बघायची फार इच्छा आहे.

केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, त्यामुळं आमचा कार्यक्रम दुसऱ्या एका हॉलात ठेवला होता. हॉल कुठलाही असो, दोन तास आधी जावं आणि एसटीच्या खिडकीतून टाकतात तसे रुमाल टाकून एक अख्खी रांग धरावी. आजी, दोन आत्या, मामा, मामाचा मित्र, सगळी भावकी हवी. जिथं आपली माणसं जास्त, तिथं पैलवानाला जोर येतो.

दीपप्रज्वलन पंख्याखाली होतं, त्यात पंधरा मिनिटं जातात. पाहुण्यांच्या भाषणात दुप्पट. तेवढ्यात भेळ खाऊन यावं.

आधी गाण्याची बॅच. बाईंनी पेटीवर काळी पाचची पट्टी धरली, पोरांनी आपापल्या सोयीची धरली. एक पोरगा अवरोह संपला तरी एकटाच खाली खाली जात राहिला, त्याला शेवटी तबलजीनं डोळ्यानं थांबवलं. दुसऱ्याच्या लेकराचं गाणं चालू असताना मोठ्यानं बोलायला हरकत नाही, पण आपलं आलं की पहिल्या 'सा'च्या आधी सगळ्या हॉलला "श्श्श" करावं. तुमचा 'श्श्श' व्हिडिओत खणखणीत येतो, पोरांचा सा येत नाही.

मग कथक. अकरा पोरी, भाड्याचे ड्रेस, पाठीला सेफ्टी पिना, एकेका पायात पंचवीस घुंगरं. आतल्या खोलीत आईनं दोरी घोट्यावर आवळून बांधलेली असते आणि लेकरू एका पायानं दुसरा पाय खाजवत उभं असतं. पडदा वर गेला की त्यातली निम्मी जनता आपली आजी शोधते आणि सापडली की हात करते. इथंच तुमची खरी गरज. उठून उभं राहायचं, मागच्यांचा विचार करायचा नाही आणि खासबागेत देतात तसा आवाज द्यायचा: "हाण! सोडू नको!" डोळ्यात पाणी आलंच तर दुपारच्या तांबड्या रश्श्यावर ढकलावं, कोल्हापुरात ते चालून जातं.

सोळा मात्रांच्या तीनतालात तत्कार, म्हणजे पायांचं काम, सुरू झाला. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. पहिलं आवर्तन आमच्या पोरीनं असं मारलं की मी मांडीवर शड्डूच ठोकला. आणि तेवढ्यात शेजारच्या पोरीच्या उजव्या पायातली दोरी सुटली. घुंगरं सैल होऊन खाली घसरली, दोरीचं टोक मागं लोळायला लागलं. आमच्या पोरीनं तत्कार थांबवला, खाली बसली, बांधायला बघितलं. पाच वर्षांच्या हाताला ती गाठ कुठली जमते! मग तिनं काय केलं, तर ते टोक मुठीत धरलं आणि उकिडवी बसून राहिली, कुणाचा पाय अडकू नये म्हणून. ती दुसरी पोरगी तशीच नाचत राहिली, पतंगासारखी बांधलेली. लोक हसले, मग टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कुणाच्या खात्यावर जमा धरायच्या, ते मला अजून कळलेलं नाही.

दोन आवर्तनं म्हणजे बत्तीस मात्रा, हिशेब करा. बत्तीस मात्रा आमची पोरगी खाली बसून, आणि जिची दोरी सुटली ती उभी. कोल्हापूरला बरोबरीत सुटलेली कुस्ती आवडत नाही, इथं तर आमच्या पैलवानानं समोरच्याचा लंगोट सावरून दिला! दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी बाईंना फोन लावला. त्यांनी उचलला नाही.

घरी आल्यावर लेकराला व्हिडिओ तीनदा दाखवावा आणि जिथं चुकलं तिथं थांबवून विचारावं. मी विचारलं, "इथं स्टेप विसरलीस का?"

"विसरलो न्हाई," ती म्हणाली. "मी दोरी धरलो होतो की."

तेव्हा पुढच्या कार्यक्रमाची तयारी आत्तापासून धरा. कुणाची दोरी सुटली तर आपण नाचायचं, हे रोज संध्याकाळी समजावून सांगा. मी सांगतोय. ती सगळं ऐकून घेते, मान हलवते आणि घुंगरांची पिशवी काखोटीला मारून त्याच पोरीकडं खेळायला जाते.