कापणं बंद झालं, पुढे काय?

कोथरूडहून भाचीचा फोन आला. एफवायबीएस्सीला झूलॉजी घेतलंय. नीटचे मार्क आले तसे आले, त्यामुळे घरात सुतकी शांतता. दादाचा प्रश्न ठरलेला, 'स्कोप काय?' भाचीचा वेगळा होता, 'आत्या, तिकडे प्रॅक्टिकलला अजून प्राणी कापतात का गं?'

कापतात. ग्लासगोत माझं कामच ते, प्रथम वर्षाच्या प्रॅक्टिकलची मांडामांड. मासळीवाल्याकडून आणलेले बांगडे ट्रेमध्ये लावून ठेवायचे. ज्याला नको त्याला सक्ती नाही. (पहिल्यांदा मला ते बघून तळणीचीच आठवण झाली, पण हे इथे सांगणार कुणाला?)

आपल्याकडे यूजीसीने 2011 मध्ये विच्छेदन कमी करत न्यायला सांगितलं आणि 2014 मध्ये बंदच केलं. आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर यावरून अजून जुंपते. हात न घालता कसला प्राणिशास्त्रज्ञ, असं एकजण म्हणतो. बेडकांनी काय पाप केलं होतं, असं दुसरी विचारते. मी दुसरीच्या बाजूने. पण झुरळाच्या लाळग्रंथी काढायला मीही शिकले होते. डोकं हळूच ओढलं की मागोमाग पांढरे गुच्छ बाहेर यायचे, जरा घाई केली की तुटायचे. तीन झुरळं वाया घालवून चौथ्याला जमलं, तेव्हाचा आनंद काही खोटा नव्हता. फक्त जिवंत झुरळ दिवसभर करतं काय, हे तीन वर्षांत कुणी बघायला सांगितलं नाही.

सुरी गेली ते बरंच झालं. तिच्या जागी दुर्बीण येईल असं वाटलं होतं, आला चार्ट. भाचीने व्हिडिओवर जर्नल दाखवलं: तीच आकृती, तीच शेडिंग, खाली तशीच घाईची सही.

इथे सगळं झकास आहे असंही नाही. परदेशी विद्यार्थ्यांची फी ऐकली तर दादाची झोप उडेल, आणि पदवी घेऊन भलतीच नोकरी करणारी मुलं मी इथेही बघते. फरक एवढाच, की आमच्याकडची मुलं लॉख लोमंड तलावाच्या काठावर मुक्कामाला जातात आणि पावसात, चिलटं चावून घेत, प्राणी-पक्षी मोजत बसतात.

पुण्यात त्यासाठी पीएमपीची बस पुरते. वेताळ टेकडी आहे, पाषाण तलाव आहे, आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे. जरा लांब, साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर, पावसाळ्याआधी गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा उघडून बसणारा सरडा आहे. 2016 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा त्याच्या जीनसचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नावच 'सरडा' ठेवलं. आपला साधा मराठी शब्द! हे भाचीला माहीत नव्हतं. तिच्या वर्गात कुणालाच नव्हतं म्हणे.

तिने माझा जुना डिसेक्शन बॉक्स मागितलाय. माळ्यावर आहे, राहू दे, म्हटलं. दुर्बिणीचे पैसे मी पाठवते. दादाला मात्र 'कॉलेजने कंपल्सरी केलीये' एवढंच सांग.