हिल डिस्ट्रिक्ट 'तशीही झोपडपट्टीच होती' म्हणे

पिट्सबर्गला शिकायला आलेल्या आपल्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो, बहुतेकांनी वाचलाच असेल. थोडक्यात असा: युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत हिल डिस्ट्रिक्टचं (म्हणजे पिट्सबर्गमधली जुनी ब्लॅक वस्ती) कौतुक करणारी प्रदर्शनं कशाला, ती वस्ती तशीही झोपडपट्टीच होती, सरकारने पाडून लोकांना चांगली घरं दिली, उरलेली त्यांनीच 68 च्या दंगलीत जाळली, आणि आता चित्रं-फोटो लावून गिल्ट धुणं चाललंय. चार वाक्यं आणि चारही गंडलेली, शेवटच्यात थोडं तथ्य आहे पण त्याकडे नंतर येतो.

"झोपडपट्टीच होती." हे नवीन नाहीये बरं का. 1943 मध्ये जॉर्ज इव्हान्स नावाच्या नगरसेवकाने लिहून ठेवलंय की हिलमधल्या साधारण 90 टक्के इमारती निकृष्ट आहेत, सगळ्या पाडल्या तरी समाजाचं काही नुकसान होणार नाही. म्हणजे आपण आज फॉरवर्ड करतोय ते ऐंशी वर्षांपूर्वीच्या नगरसेवकाचं मत, फक्त नाव गायब. घरं खराब होती का? होती, बऱ्याच ठिकाणी घरात नळ-संडासही नव्हते, ते कोणी नाकारत नाही. पण 1930 च्या दशकात सरकारी कर्ज-नकाशांवर (कुठे कर्ज देणं धोक्याचं ते दाखवणारे) हिलला सगळ्यात खालचा, लाल रंगाचा ग्रेड मिळालेला, त्यामुळे तिथे दुरुस्तीला किंवा घर घ्यायला बँकेचं कर्ज मिळणं मुश्किल, घरमालक बाहेर राहून भाडं घेणार आणि खर्च शून्य करणार, आणि ब्लॅक माणसाला दुसरीकडे घर द्यायला कोणी तयार नाही, मग वस्ती चकाचक कशी राहणार सांगा. आणि याच 'झोपडपट्टीत' वायली अव्हेन्यूवर क्रॉफर्ड ग्रिलसारखे जॅझचे अड्डे होते, त्याचा मालक गस ग्रीनली याने 1932 मध्ये स्वतःचं बेसबॉल स्टेडियम बांधलं कारण ब्लॅक खेळाडूंना मोठ्या लीगचे दरवाजे बंद होते. ड्रमर आर्ट ब्लेकी पण पिट्सबर्गचाच. (ग्रीनलीचा मुख्य धंदा आकड्यांच्या जुगाराचा होता हेही खरंय, लपवायचं कशाला.)

"चांगली घरं दिली." इथे मला खरंच हसू येतं. 1956 पासून खालचं हिल पाडायला सुरुवात झाली, जवळपास 95 एकर, 8,000 च्या वर माणसं हलवली, 400 च्या वर धंदे गेले. त्या जागेवर काय आलं? सिव्हिक अरिना, 1961 ला उघडलं, उघडझाप होणाऱ्या छताचं भलंमोठं सभागृह, आणि भोवती पार्किंग. काहींना सरकारी चाळवजा वसाहतींत जागा मिळाली, बाकीचे होमवुड, ईस्ट लिबर्टीकडे गेले, तिथे आधीच गर्दी. पुढे ते अरिनाही 2011-12 मध्ये पाडलं. ज्याच्यासाठी वस्ती घालवली ते अरिना जेमतेम पन्नास वर्षं टिकलं, त्यानंतरही ती जमीन वर्षानुवर्षं बहुतांशी पार्किंगच.

"त्यांनीच जाळली." तारखा बघा ना राव. पाडापाडी 1956 ला सुरू, दंगल एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येनंतर. दंगलीत सेंटर अव्हेन्यूवरची दुकानं जळली, मोठं नुकसान झालं, मान्य, पण बारा वर्षं आधी बुलडोझर फिरलेला भाग 68 ला कोणी कसा जाळेल. आणि त्या काळाबद्दल बोलायचंच तर हे पण सांगा की 1967 मध्ये हिलमध्येच फ्रीडम हाउस अ‍ॅम्ब्युलन्स सुरू झाली. तोपर्यंत पेशंटला पोलिसांच्या गाडीत टाकून न्यायचे, वाटेत उपचार वगैरे काही नाही. डॉ. पीटर साफार यांनी (सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवायची पद्धत, तिच्या इतिहासात नाव आहे त्यांचं) वस्तीतल्याच बेरोजगार ब्लॅक लोकांना ट्रेनिंग दिलं आणि अमेरिकेतल्या अगदी पहिल्या पॅरामेडिक्सपैकी (अ‍ॅम्ब्युलन्समध्येच उपचार करणारे) काही तिथून निघाले. 1975 मध्ये शहराने स्वतःची सर्व्हिस काढली आणि फ्रीडम हाउस बंद झालं. हा भाग मेसेजमध्ये कधीच नसतो.

आता चित्रं-फोटोंचं. टीनी हॅरिस नावाचा फोटोग्राफर, 'पिट्सबर्ग कुरियर' या ब्लॅक वर्तमानपत्रासाठी काम करायचा, त्याच्या जवळपास 80,000 निगेटिव्ह कार्नेगी म्युझियमकडे आहेत. लग्नं, शाळा, दुकानं, रस्त्यावरची पोरं. हिलच्या तोंडाशी लोकांनी लावलेल्या बोर्डाचा पण फोटो आहे त्याचा, 'इथून पुढे रिडेव्हलपमेंट नाही' अशा अर्थाचा, सिटी हॉलला उद्देशून. याला कौतुक म्हणा नाहीतर काहीही म्हणा, 'समाजाचं काही नुकसान नाही' याला इतकं थेट उत्तर दुसरं नाही.

आणि लायब्ररीच का, तर ऑगस्ट विल्सन. हिलमध्ये 1945 ला जन्मलेला नाटककार, पंधराव्या वर्षी शाळा सोडली कारण नेपोलियनवरचा निबंध ढापलाय असा आरोप त्याच्यावर झाला, मग कार्नेगी लायब्ररीत बसून स्वतःच शिकला. पुढे दोन पुलित्झर, विसाव्या शतकातल्या एकेका दशकावर एक अशी दहा नाटकं आणि त्यातली नऊ हिलमध्येच घडतात. चित्रकार रोमेअर बेअर्डनच्या कोलाजवरून त्याला नाटकं सुचायची, म्हणजे चित्र आणि पुस्तक ही वेगळी खाती त्याच्यापुरती तरी नव्हतीच. त्याची कागदपत्रं 2020 मध्ये पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीने घेतली, 450 हून जास्त खोके आहेत. मग हिलवरचं प्रदर्शन लायब्ररीत नाही भरवायचं तर काय मॉलमध्ये?

राहिला गिल्टचा मुद्दा. फोटो लावून कोणाचं घर परत येत नाही, आणि युनिव्हर्सिटी तर हिलच्या अगदी शेजारी, 1969 मध्ये ब्लॅक विद्यार्थ्यांनी तिचं कॉम्प्युटर सेंटर अडवून धरल्यावर मग ब्लॅक स्टडीज डिपार्टमेंट आलं, आपणहून नाही दिलं कोणी. तेव्हा शंका घ्या, जरूर घ्या. पण प्रदर्शन नको हे त्यावरचं उत्तर नाही. माझं म्हणणं, जॅझचे गोड फोटो दोन कमी लावा आणि इव्हान्सचं ते वाक्य, कर्जाचा लाल नकाशा, पाडलेल्या गल्ल्यांची यादी, हे सगळं शेजारी लावा.