‘अकराशेचा पार्ट अकराशेला चालतो’: पद्मिनीचं इंजिन बांधताना महागात पडणाऱ्या समजुती

प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या आधीची फियाट अकराशे सांभाळणाऱ्या प्रत्येकाला एक मेसेज कधी ना कधी आलेला आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘या इंजिनात जुळवाजुळवीची भानगड नाही. कुठल्याही अकराशेचे पार्ट एकमेकांना चालतात. पिस्टन ओव्हरसाइजचा आकडा बघून घ्या, बेअरिंग नवी टाका. बंद डबीतला कंपनीचा जुना माल मिळाला तर डोळे झाकून उचला. कॅम नवा घातला तरी टॅपेट जुने चालतात. ब्लॉक गेला तर दुसरा आणा आणि त्यावर जुना नंबर पंच करा.’

यावर विश्वास ठेवून लोक इंजिन बांधतात आणि वर्षाच्या आत पुन्हा उघडतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कुठल्याही अकराशेचे पार्ट चालतात.’ कुर्ल्याच्या कारखान्यातल्या अकराशे डिलाइटचं आणि पुढे पद्मिनीचं पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचं: बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५ मिमी. इटलीत मात्र १९६२ साली आलेल्या ‘अकराशे डी’ला फियाटने १२२१ सीसीचं इंजिन दिलं होतं. स्ट्रोक तोच ७५, पण बोअर ७२. गाडी दिसायला आपल्या डिलाइटची सख्खी बहीण, नावही तेच, आणि पिस्टन चार मिलिमीटरने मोठा. परदेशातून सामान मागवणारा माणूस नेमकं नाव बघून मागवतो आणि पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट असा सगळा संच निरुपयोगी निघतो. मागवताना मॉडेलचं नाव सांगू नका, बोअर सांगा.

‘पिस्टन आकडा बघून घ्या.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलंय. बोअर झिजला की तो कापून मोठा करतात आणि तेवढाच मोठा, म्हणजे ओव्हरसाइज, पिस्टन घालतात. अशा पिस्टनवर ‘२०’ लिहिलेलं असतं. वीस काय? थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असतील तर ०.५०८ मिमी. शतांश मिलिमीटर असतील तर ०.२० मिमी, म्हणजे जेमतेम आठ थाऊ. आपल्याकडे लेथवाला थाऊत बोलतो, इटालियन माल मिलिमीटरमध्ये येतो, आणि मध्ये सापडतो तो ब्लॉक. एकदा जास्त कापलेला बोअर परत येत नाही.

आकडा बरोबर असला तरी काम संपत नाही. पिस्टन पूर्ण गोल नसतो. तो किंचित अंडाकृती आणि खालून वर निमुळता असतो, म्हणून त्याचं माप स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर), पिनच्या (पिस्टनमधून आरपार जाणाऱ्या आडव्या दांडीच्या) काटकोनात घ्यावं लागतं. ते का महत्त्वाचं, हे हिशेबाने पाहा. ६८ मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन १०० अंशांनी तापला की साधारण ०.१५ मिमी फुगतो, ओतीव लोखंडाचा ब्लॉक त्याच्या निम्माच. हा फरक सामावून घ्यायला जी फट ठेवायची, ती पिस्टन कसा घडवलाय आणि कोणत्या मिश्रधातूचा आहे यावर ठरते. म्हणून आधी चारही पिस्टन हातात घ्यायचे, मायक्रोमीटरने मोजायचे, आणि मगच बनवणाऱ्याने सांगितलेली फट ठेवून बोअर मारायला द्यायचा. बोअर आधी मारून पिस्टन नंतर शोधणं म्हणजे अंगरखा शिवून मग त्यात बसणारा माणूस धुंडाळणं.

चारही पिस्टन एकाच संचातले हवेत. तीन एका बनावटीचे आणि चौथा दुसरीकडचा घेतला, तर वजनात फरक पडतो, शिवाय पिनपासून माथ्यापर्यंतची उंचीही वेगळी असू शकते. मग एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांशी जुळत नाही आणि आयडलिंगला इंजिन थरथरतं. लोक त्यासाठी कार्बोरेटर पिळत बसतात.

‘बेअरिंग नवी टाका, झालं.’ हे ऐकलं की मला मामांची १९८४ची पद्मिनी आठवते. एका गॅरेजने इंजिन उघडलं, चारही कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्यांच्या) कॅप एका ट्रेमध्ये धुतल्या आणि परत बसवताना दोन आणि तीनची अदलाबदल केली. बेअरिंग नवी होती, तेल नवं होतं. खंबाटकी घाटात खालून ठोके येऊ लागले. उघडलं तेव्हा बेअरिंगचा वरचा थर जाऊन तांबूस धातू दिसत होता आणि क्रँकवर चरे पडले होते.

रॉड आणि त्याची कॅप ही जोडी बोल्टने आवळून मग तिचं भोक एकत्र कापलेलं असतं. म्हणून दोघांवर एकच नंबर असतो आणि तो एकाच बाजूला यावा लागतो. दुसऱ्याची कॅप लावली की सांध्याशी सूक्ष्म पायरी राहते, भोक गोल राहत नाही आणि तेलाचा थर तिथे तुटतो. मेन बेअरिंगच्या कॅपचं तसंच: त्या ब्लॉकबरोबर एका रेषेत कापलेल्या असतात, म्हणून दुसऱ्या ब्लॉकच्या आणून लावता येत नाहीत. नवी बेअरिंग घालण्याआधी क्रँक जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) दोन दिशांनी मोजा. अंडाकृती झालं असेल तर ग्राइंडिंग करा आणि मगच दहाची की वीसची (जर्नल जितके थाऊ कमी झालं तितक्याची) बेअरिंग ते ठरवा. मामांचा क्रँक त्या एका चुकीपायी दहावरून वीसवर गेला.

‘बंद डबीतला जुना माल.’ यात अर्धं तथ्य आहे. ओतीव आणि घडीव पार्ट, उदाहरणार्थ रॉकर किंवा गिअर, नीट ठेवले असतील तर उत्तमच. पण ऑइल सील कडक होतात, बुचाचं गॅस्केट सुकून आखडतं, रिंगांना गंज धरतो, बेअरिंगच्या मऊ थरावर डाग पडतात. डबी बंद होती म्हणून वर्षं थांबत नाहीत. उघडा आणि मोजा. जुन्या हेड गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं घासू नका, त्याची धूळ फुप्फुसात जाते.

‘नव्या कॅमला जुने टॅपेट.’ अजिबात नाही. टॅपेट म्हणजे कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारा तुकडा. त्याचा तळ कॅमच्या ज्या लोबवर (उंचवट्यावर) घासत आला, त्याच्याशी त्याची वीण बसलेली असते. जुना कॅम ठेवणार असाल तर प्रत्येक टॅपेट आपापल्या जागी परत गेला पाहिजे. कॅम नवा, तर टॅपेटही नवे. टायमिंग चेन बदलताना दातेरी चकत्याही बदला.

मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर हे इंजिन रोज बांधणारे मिस्त्री होते. ते डोळ्यांनी माप घेतात असं वाटायचं, पण त्यांच्या हाताखालून एकाच प्रकारचा ताजा माल सतत जात होता. आज तुमच्यासमोर पाच ठिकाणचा माल असतो. ‘पूर्वी चालायचं’ या वाक्याचा आधार म्हणूनच घेऊ नका.

राहिला नंबर पंच करण्याचा सल्ला. तो गुन्हा आहे. इंजिन नंबर आरसीवर असतो. ब्लॉक बदलला तर आरटीओत रीतसर नोंद करावी लागते. शिवाय बहुतेक वेळा ब्लॉक बदलावाच लागत नाही. बोअर शेवटच्या मापापर्यंत गेला असला, तरी ब्लॉकला तडा नसेल तर त्यात लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) दाबून बसवता येतात. मामांच्या गाडीत शेवटी तेच केलं: चारही लायनर घातले, स्टँडर्ड पिस्टनचा एक संच आणला, प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाने बोअर परत ६८वर आणला. ब्लॉक तोच आहे आणि नंबरही तोच.