फ्रिजखालचा जाळ

ठाण्यात कुठल्याही फ्रिजवाल्याला फोन करून ‘आमचा फ्रिज गॅसवर चालतो’ असं सांगून बघा. तो शांतपणे म्हणणार, ‘साहेब, सगळेच चालतात. गॅस गेला असेल, भरून देतो.’ मग त्याला समजवायचं, की बाबा रे, याला खालून जाळ लावावा लागतो. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. शेवटी ‘गीझरवाल्याला विचारा’ असा सल्ला मिळतो, आणि मला तरी तो सल्ला अगदी टाकाऊ वाटत नाही. कॅम्पर व्हॅनमधल्या, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीतल्या, या फ्रिजची कुंडली कॉम्प्रेसरपेक्षा गीझरशी जास्त जुळते. बर्नर, जेट, धुराडं, काजळी, सगळं तेच. फक्त शेवटी गरम पाण्याऐवजी बर्फ मिळतो. म्हणजे मिळायला हवा.

जाळ लावून बर्फ करण्याची ही करामत १९२२ साली स्टॉकहोममध्ये बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी केली. बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. बर्नर बॉयलरला तापवतो, पाण्यातून अमोनिया सुटतो, वर जाऊन मागच्या पत्र्याच्या पात्यांच्या जाळीत थंड होऊन त्याचा द्रव होतो, मग फ्रीझरच्या नळीत हायड्रोजनच्या सोबतीनं त्याची वाफ होते आणि ती उष्णता ओढून घेते. उरलेला अमोनिया पुन्हा पाण्यात विरघळून खाली येतो. यात ना पंप, ना मोटर. सगळा व्यवहार बुडबुडे आणि गुरुत्वाकर्षण यांच्या भरवशावर. नळ्या कायमच्या वेल्ड केलेल्या असतात आणि आत २० बारच्या आसपास दाब असतो. त्यामुळे जो कुणी ‘छोटं भोक पाडून गॅस भरतो’ म्हणेल, त्याला चहा पाजून सन्मानानं परत पाठवा.

पंप नाही म्हटल्यावर उतार आला. आणि उताराच्या बाबतीत आपला परिसर श्रीमंत आहे. येऊरच्या पायथ्याच्या सोसायट्या घ्या, नाहीतर पारसिकच्या डोंगराला टेकलेलं बेलापूर घ्या. जिथं जमीन सपाट आहे, तिथंही बिल्डरनं पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून पार्किंगला उतार दिलेला असतो (पाणी तरीही तुंबतंच, तो भाग वेगळा). बहुतेक फ्रिजना डावी-उजवीकडे ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंशांपर्यंतचा तिरपेपणा चालतो. ३ अंश म्हणजे अर्ध्या मीटरला जेमतेम अडीच सेंटिमीटर. त्याहून जास्त तिरपा असला की अमोनियाचं पाणी नळीच्या वाकणात तुंबतं, बॉयलर कोरडा पडतो आणि जाळ कोरड्या बॉयलरला भाजत बसतो. नळ्या गंजू नयेत म्हणून आत सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. ते या भाजण्यात खडे धरतं आणि बारीक नळी कायमची चोंदते. एका रात्रीत मरत नाही बिचारा, पण प्रत्येक तिरप्या रात्रीचा हिशोब ठेवतो.

यात एक मेख आहे. फ्रिज बहुधा व्हॅनच्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभा असतो. म्हणजे गाडीचं पुढे-मागे हेच फ्रिजचं डावं-उजवं. गाडी नाकावर झुकली असेल तर पुढच्या चाकांखाली फळी घ्यावी लागते, आणि स्पिरिट लेव्हल डॅशबोर्डवर न ठेवता फ्रीझरच्या तळावर ठेवून दोन्ही बाजूंनी बघावी लागते. चाकाखाली फळी सरकवताना वॉचमन ‘साहेब, पंक्चर?’ विचारतोच. ‘फ्रिज सरळ करतोय’ हे उत्तर द्यायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. गाडी चालू असताना मात्र ही काळजी नको. घोडबंदर रोड फ्रिजला इतक्या दिशांनी हलवतो, की सरासरी सपाटच निघते.

आता गॅस. फ्रिजच्या आतल्या पाटीवर दाब लिहिलेला असतो, बहुधा ३० मिलिबार. काही जुन्या जर्मन मालावर ५० असतो. आपल्याकडच्या घरगुती रेग्युलेटरचा दाबही दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तेवढाच. इतकं सुरेख जुळल्यावर गोष्ट तिथंच थांबवावी. वडापावच्या गाडीवरच्या भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर ‘जास्त गार होईल’ म्हणून लावू नये. जास्त गार होत नाही, धुराडं काळं होतं. घरातला १४.२ किलोचा लाल सिलिंडरही गाडीत चढवायचा नाही, तो स्वयंपाकघरासाठी आहे. बाजारभावानं मिळणारा ५ किलोचा छोटा घ्यावा. मध्यम आकाराचा फ्रिज दिवसाला साधारण ३०० ग्रॅम गॅस खातो, म्हणजे छोट्या सिलिंडरला पंधरवड्याची बेगमी. थंडीत गॅस गोठण्याच्या परदेशी कहाण्या इथं कामाच्या नाहीत. आपल्या जानेवारीत ब्युटेनसुद्धा स्वेटर घालत नाही.

दाब मोजायला महागडं मीटर नको. गवंडी जो पारदर्शक लेव्हल पाइप वापरतात, त्याचा दीड मीटर तुकडा यू आकारात फळीला बांधा आणि निम्म्यापर्यंत पाणी भरा. एक टोक टी-जोडणीनं रेग्युलेटरच्या पुढच्या नळीला, दुसरं उघडं. गॅस सोडल्यावर दोन्ही बाजूंच्या पाण्यात ३० सेंटिमीटरच्या आसपास फरक दिसला पाहिजे. मग फ्रिज आणि शेगडी दोन्ही पेटवून पुन्हा बघा. फरक २० वर उतरला तर फ्रिजवर राग काढू नका. रेग्युलेटर म्हातारा झालाय किंवा नळी कुठंतरी मुडपली आहे. मोजणी मोकळ्या हवेत करायची, पाइपचं उघडं टोक ज्योतीपासून लांब ठेवायचं. गळती शोधायला साबणाचं पाणी. काडी पेटवून गळती शोधणारे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात, त्यांना त्या दिवशी कामाला बाहेर पाठवावं.

खरी रंगत बर्नरच्या डबीत आहे. गॅस बंद करून गाडीच्या बाहेरची खालची जाळी काढा. आत हाताच्या पंज्याएवढी पत्र्याची डबी दिसते, एका स्क्रूवर. ती उघडली की पहिल्यांदा खाली पडतो गंज. मोहरीएवढे तांबूस पापुद्रे, वर धुराड्यातून सुटलेले, बर्नरच्या खाचांवर येऊन बसलेले. खाडीच्या हवेत पत्रा गंजणारच. या पापुद्र्यांमुळे ज्योत निळ्याची पिवळी होते, पिवळी झाली की काजळी धरते, काजळीनं धुराडं अरुंद होतं आणि ज्योत आणखी पिवळी होते. म्हणून सफाई वरून खाली करायची. वरच्या जाळीतून तारेला लटकवलेली पिळाची पत्री बाहेर काढा, बाटली धुण्याच्या लांब ब्रशनं धुराडं घासा, मग बर्नर झटका. पिळाची पत्री परत टाकायला विसरायचं नाही आणि तिची उंचीही बदलायची नाही. ती नसली की जाळाची उष्णता बॉयलरला न भेटता सरळ आकाशात जाते. गॅस सोडणारा बारीक भोकाचा जेट सोडवून अर्धा तास आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा आणि उलट्या बाजूनं फुंका. त्यात सुई घालण्याचा मोह प्रत्येकाला होतो. स्टोव्हला पिन मारत वाढलेल्या पिढीला तर हात आवरणं कठीण. पण या जेटचं भोक मापून पाडलेलं असतं. पिन एकदा घातली की ते कायमचं मोठं होतं आणि नवा जेट शोधत फिरावं लागतं.

पावसाळाभर गाडी झाकून ठेवली असेल तर डबीत आणखी एक भाडेकरू भेटतो. कुंभारीण माशी. बर्नरच्या हवेच्या भोकाला ती इतकं नीटस मातीचं घर बांधते, की तोडताना वाईट वाटतं. तिला अडवायला बाहेरच्या जाळीवर मच्छरदाणी ठोकली तर हवाच अडते. गाडी उभी असताना जाळी कापडानं झाका आणि पेटवण्याच्या बटणाला ‘कापड काढा’ अशी चिठ्ठी लावा.

आता सगळ्यात जास्त शिव्या खाणारी तक्रार: बटण दाबून धरलंय तोवर पेटतो, सोडलं की विझतो. हे थर्मोकपलचं काम. ज्योतीत बसलेलं त्याचं टोक तापलं की २०-३० मिलिव्होल्ट तयार होतात आणि तेवढ्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. म्हणून पेटल्यावर बटण १५-२० सेकंद धरायचं, पाचच सेकंदांत ‘बिघडलाय’ म्हणून सोडायचं नाही. सिलिंडर नवा जोडला असेल तर नळीतली हवा जाईपर्यंत बराच वेळ नुसतं टिकटिक करावं लागतं. तरीही विझला तर टोक ज्योतीत नीट आहे का बघा, मग व्हॉल्व्हकडचा नट: बोटानं घट्ट, वर पान्यानं पाव फेरा, बस. मल्टिमीटरवर १० मिलिव्होल्टसुद्धा येत नसतील तर थर्मोकपल गेलं. हॉटेलच्या ओव्हनचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळू शकतं, पण लांबी आणि आटे जुळले पाहिजेत, म्हणून जुनं खिशात घेऊन जा.

ज्योत निळी, दाब बरोबर, गाडी सपाट, आणि तरी दूध कोमट. तर पाटीवरचं एक छोटं अक्षर वाचा. एन म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला, एसटी म्हणजे ३८, टी म्हणजे ४३. एन लिहिलेला फ्रिज मे महिन्यात ठाण्यात आणणं म्हणजे त्याची शिक्षेवर बदली. तो बाहेरच्यापेक्षा २०-२५ अंश खाली नेईल, तेवढीच त्याची ताकद. बाहेर ३६ असेल तर आत ११-१६ अंश, आणि त्यावर सुरमई टिकत नाही. शिवाय बाहेरची हवा म्हणजे फ्रिजच्या पाठीमागची हवा. जाळीची बाजू पश्चिमेला करून गाडी लावली तर तिथं हवामान खात्यापेक्षा कितीतरी जास्त आकडा असतो. वरच्या जाळीपाशी बाहेर हवा फेकणारा १२ सेंटिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा बसवा, कॉम्प्युटरमध्ये असतो तोच. माझ्या मते या सगळ्या उपद्व्यापात सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त गारवा देणारी वस्तू तीच. दाराचं रबर तपासायला दहाची नोट दारात अडकवून ओढा. सहज निघाली तर तिथून दमट हवा आत जातेय, आणि फ्रीझरवर जमलेला बर्फ गारव्याचा पुरावा नसून त्या हवेचा आहे.

फ्रिज गार व्हायला चार-सहा तास लागतात. हा विजेवरही चालतो, म्हणून आदल्या रात्री घरच्या २३० व्होल्टवर लावून ठेवा आणि भरायचं ते घरच्या फ्रिजमधून गार झालेलंच. बाजारातून थेट आणलेला मासा यात कोंबणाऱ्यांची मला खरोखर कीव येते.

गाडीच्या बॅटरीच्या १२ व्होल्टवर तो फक्त गाडी चालू असताना चालवायचा. जाळाऐवजी बॉयलर तापवणारं १३० वॉटचं एलिमेंट जवळजवळ ११ अँपिअर ओढतं. उभ्या गाडीत १०० अँपिअर-अवरची बॅटरी रात्र काढत नाही. वायर बारीक असली तर आणखी गंमत. दीड चौरस मिलिमीटरची वायर जाऊन-येऊन १० मीटर असेल तर वाटेतच सव्वा व्होल्ट गळतो आणि उष्णता वीस टक्क्यांनी घटते. ६ चौरस मिलिमीटरची टाका. पंपावर, मग तो पेट्रोलचा असो वा सीएनजीचा, रांगेत शिरण्याआधी फ्रिजची ज्योत विझलेली पाहिजे. सीएनजी भरताना सगळे शिस्तीत खाली उतरतात आणि आत फ्रिज जळत असतो, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. गॅसचा वास आला तर १९०६ हा नंबर आहे.

सगळं करून थकलात तर निकालाची कसोटी अशी: सपाट जागी, २३० व्होल्टवर, पंखा लावून २४ तास चालवा आणि आत पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवा. विजेवर गार होतो, गॅसवर नाही, तर दोष बर्नरचा. दोन्हीवर नाही, बॉयलर मात्र चटका देतोय, तर नळ्या चोंदल्या. पाठीमागे पिवळसर भुकटी दिसली किंवा अमोनियाचा वास आला तर बंद करा, भुकटीला हात लावू नका, ती विषारी आहे. तिथं नवं कूलिंग युनिटच लागतं.

चोंदलेल्याला एक शेवटचा उपाय आहे. गॅस आणि वायर सोडवून फ्रिज बाहेर काढायचा, काही तास एका कुशीवर, काही तास डोक्यावर उलटा, मग दुसऱ्या कुशीवर. आतली पाणी-अमोनियाची मिसळ पुन्हा जमते आणि कधीकधी खरंच चालू होतो. सगळ्यांचा होत नाही. क्रोमेटचे खडे झाले असतील तर मुळीच नाही. सोसायटीच्या लॉबीत उलटा फ्रिज बघून सेक्रेटरी ‘अहो, हे किती दिवस?’ विचारतील. त्यांना दोन दिवस सांगा, कारण सरळ केल्यावरही तो २४ तास पेटवायचा नसतो. त्या वेळात सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला असलेलं भोक मोकळं आहे का बघून घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो, आणि ते भोक बहुतेक वेळा कुणीतरी झुरळं येतात म्हणून बुजवलेलं असतं.